काचेआडचा खेळ आणि काचेबाहेरचे चाहते : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात. कॉमिक्स, व्हिडिओ गेम, विज्ञानकथा आणि या सगळ्यांत झपाटल्यासारखे बुडालेल्या चाहत्यांचे जग संग्रहालयाच्या दारात येऊन उभे राहिले आहे. त्याचे स्वागत कसे करावे, किती करावे, अशी ही विचारणा आहे. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. लांब पत्रांचा गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : मी इतिहासाची निवृत्त शिक्षिका आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने व्हिडिओ गेम आपल्या कायमस्वरूपी संग्रहात घेतल्याचे माझ्या नातवाने मला दाखवले. मुले ज्यापायी अभ्यास विसरतात, ती वस्तू जतन करण्याइतकी मोलाची कशी ठरते? लोकप्रियता हाच निकष झाला, तर संग्रहालय आणि जत्रा यांत फरक काय उरला?

उत्तर : नातवाने सांगितले ते खरे आहे. त्या संग्रहालयाने २०१२ साली १४ गेम संग्रहात घेतले आणि त्यांत ‘पॅक-मॅन’ आणि ‘टेट्रिस’ यांच्यासारखी सर्वांना ठाऊक असलेली नावे आहेत. ही निवड मात्र लोकप्रियतेवर झालेली नव्हती. गेम घेणारा विभाग वास्तुकला आणि डिझाइनचा होता. चांगली खुर्ची माणसाला कशी बसवते, हे हा विभाग जसे पाहतो, तसेच एखादा गेम खेळणाऱ्याच्या हालचाली, निर्णय आणि वेळ यांना कसे वळण देतो, हे त्याने पाहिले. म्हणूनच प्रचंड खपलेले कित्येक गेम त्या यादीत नाहीत आणि अवघ्या पाच मिनिटांत एक अख्खे आयुष्य संपवणारा ‘पॅसेज’ हा छोटासा गेम मात्र आहे.

तरीही आपली शंका डिझाइनपाशी मिटत नाही, कारण आपण इतिहासाच्या बाजूने विचारत आहात. त्या बाजूने माझा निकष असा आहे : दुसऱ्या कोणत्याही वस्तूकडून मिळणार नाही अशी साक्ष ही वस्तू आपल्या काळाबद्दल देते का? ‘टेट्रिस’चेच पाहा. अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करत असताना तो रचला. हाताशी असलेल्या संगणकावर चित्रे उमटत नसल्यामुळे त्यांनी कंसांच्या चिन्हांतून ठोकळे उभे केले. गेम जगभर पसरला, त्याचे हक्क परदेशी कंपन्यांना विकण्याचे व्यवहार सरकारी संस्थेने केले आणि मूळ निर्मात्याला त्याचे मानधन मिळू लागले ते १९९६ पासून, म्हणजे सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर पाच वर्षांनी. बौद्धिक मालकीकडे ती राजवट कसे पाहत होती, हे शिकवायला मला याहून सुटसुटीत उदाहरण माहीत नाही.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत एक तपकिरी खोकेही आहे. राल्फ बेअर यांचे कुटुंब १९३८ साली नाझी जर्मनीतून निसटून अमेरिकेत पोहोचले. पुढे संरक्षण खात्याची कंत्राटे घेणाऱ्या एका कंपनीत काम करत असताना, १९६०च्या दशकात, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळता येईल असे यंत्र तयार केले आणि त्यावर लाकडासारखा दिसणारा कागद चिकटवला. त्यातूनच १९७२ साली घरी खेळण्याचे पहिले व्हिडिओ गेम यंत्र बाजारात आले. निर्वासिताचे आयुष्य, शीतयुद्धातील कारखाना आणि घरोघरी पोहोचलेला पडदा हे तीन धागे त्या एका खोक्यात गुंफलेले आहेत.

तिसरे उदाहरण आपल्यासारख्या शिक्षिकेला सर्वांत जवळचे वाटेल, कारण ते उत्खननाचे आहे. १९८३ साली व्हिडिओ गेम बनवणाऱ्या अटारी कंपनीने न विकलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरला. एका फसलेल्या गेमच्या लाखो कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात बसवून खेळायच्या गेमच्या डब्या, तिथे गाडल्या आहेत, अशी दंतकथा त्यावरून तयार झाली आणि तीस वर्षे सांगितली गेली. एप्रिल २०१४ मध्ये पुरातत्त्वज्ञांच्या उपस्थितीत ती जागा खणली गेली, तेव्हा सुमारे १,३०० कार्ट्रिज बाहेर निघाल्या आणि त्या एकाच गेमच्या नव्हत्या. चांगल्या खपलेल्या गेमच्या कार्ट्रिजही त्यांत होत्या. एक फजिती लपवण्यासाठी खड्डा खणला गेला, हे कथन तिथेच ढासळले आणि कोसळत्या धंद्यातील कंपनीने गोदाम रिकामे केले, हे अधिक साधे चित्र पुढे आले. त्या मातकट कार्ट्रिजपैकी एक आज स्मिथसोनियनमध्ये आहे. खापराच्या तुकड्यावरून नगराचा व्यापार वाचायला आपण मुलांना शिकवले असेलच. हे वाचन त्याहून वेगळे नाही.

जत्रेची आपली भीती मला निराधार वाटत नाही. ती खरी ठरते, जेव्हा संग्रहालय प्रसिद्ध वस्तू मांडते आणि तिच्याबद्दल काहीच विचारत नाही. चित्रपटातील नायकाचा पोशाख, समोर फोटोसाठी जागा, शेजारी विक्रीचे दुकान, एवढ्यावर दालन संपत असेल, तर तिथे इतिहासाचे काम झालेले नाही, असे म्हणायला कचरू नये.

प्रश्न : मी संग्रहशास्त्राचा विद्यार्थी आहे. चित्र भिंतीवर टांगले की ते चित्रच राहते. गेम काचेआड ठेवला की तो गेम राहतो का?

उत्तर : राहत नाही, आणि या क्षेत्रातील सर्वांत अवघड काम तिथेच सुरू होते. कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाने पीडीपी-१ हा १९६०च्या आसपासचा संगणक दुरुस्त करून पुन्हा चालता केला आणि १९६२ साली त्याच जातीच्या यंत्रासाठी एमआयटीत लिहिलेला ‘स्पेसवॉर’ हा गेम त्यावर लोकांना प्रत्यक्ष दाखवला. अशा कामाला सुटे भाग लागतात आणि ते यंत्र जाणणारी माणसे लागतात; दोन्ही वर्षागणिक कमी होत जातात. म्हणून बहुतेक ठिकाणी जुन्या यंत्राची नक्कल नव्या संगणकावर आज्ञावलीने उभी केली जाते. तीत नियम टिकतात, पण जुन्या काचनळीच्या पडद्याचा पुसट प्रकाश आणि बटणाचा जडपणा हरवतो.

हजारो लोक एकाच वेळी ज्या जगात वावरतात, त्या ‘ईव्ह ऑनलाइन’सारख्या गेमचे तर याहून कठीण आहे. आधुनिक कला संग्रहालयाने तो खेळायला ठेवला नाही. खेळणाऱ्यांनी टिपलेल्या दृश्यांची फिल्म करून दाखवली. मला हा निर्णय प्रामाणिक वाटतो. त्या गेमचा इतिहास आज्ञावलीत साठलेला नसून खेळणाऱ्यांच्या युत्या, फसवणुका आणि लढाया यांत आहे, आणि सर्व्हर बंद झाला की त्या आठवणींखेरीज काही उरत नाही.

कायद्याची अडचण तांत्रिक अडचणीहून मोठी आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात विकत मिळत नव्हते. विक्री बंद झाली तरी हक्क जिवंत असतात, त्यामुळे ग्रंथालयाने तो गेम दूरच्या अभ्यासकाला संगणकावरून उघडून द्यायचा म्हटले, तरी कायदा आड येतो. ही सवलत संशोधनापुरती तरी द्यावी, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. छापील पुस्तक दुर्मीळ झाले तरी ग्रंथालयात वाचता येते. गेमच्या अभ्यासकाला मात्र अजूनही संग्रह असेल तिथे जाऊनच बसावे लागते. हक्कधारकांचे हित मला मान्य आहे, पण ज्या वस्तूतून ते आज एक पैसाही मिळवत नाहीत, तिच्या अभ्यासाला कुलूप लावण्याचे समर्थन मला करता येत नाही. आपण या क्षेत्रात येणार असाल, तर आज्ञावलीइतकाच कायदाही शिकून घ्या.

प्रश्न : ऐतिहासिक गेममधून इतिहास शिकता येतो, असे माझे मित्र म्हणतात. पॅरिसचे नोत्र-दाम कॅथेड्रल (मोठे चर्च) जळाल्यावर ते एका गेमच्या आधारे पुन्हा बांधले, असेही मी ऐकले. यात किती तथ्य आहे? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

उत्तर : दुसऱ्या भागापासून सुरुवात करते. १५ एप्रिल २०१९ रोजी नोत्र-दामला आग लागली, तेव्हा ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ या २०१४ सालच्या गेममधील कॅथेड्रलची प्रतिकृती सगळ्यांना आठवली. कंपनीने ५ लाख युरोंची देणगी दिली आणि तो गेम काही दिवस विनामूल्य खुला केला. पुनर्बांधणीला मात्र खरा आधार मिळाला तो प्रत्यक्ष मोजमापांचा. कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी आगीच्या कित्येक वर्षे आधी लेसरने त्या वास्तूचे अब्जावधी बिंदू टिपून ठेवले होते. ते स्वतः आगीपूर्वी काही महिने निवर्तले. त्यांच्या नोंदींचे मोल जगाला कळले, तेव्हा ते नव्हते.

गेमवर विसंबता आले नसते, याचे कारण त्यातच दिसते. त्याची कथा फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात घडते आणि तरी कॅथेड्रलवर उंच मनोरा आहे. मध्ययुगीन मनोरा अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरवला गेला होता आणि आगीत कोसळताना आपण पाहिला तो एकोणिसाव्या शतकात वास्तुविशारद व्हायोले-ल-द्यूक यांनी उभारलेला होता. खेळणाऱ्यांच्या मनातले नोत्र-दाम मनोऱ्याशिवाय पुरे होत नाही, म्हणून निर्मात्यांनी तो दाखवला. गेम बनवणाऱ्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच आहे. चूक होते ती त्याला पुरावा मानण्यात. त्याच कंपनीने २०१८ साली प्राचीन इजिप्तवरील गेममधून मारामाऱ्या वगळून केवळ हिंडण्याची आणि माहिती ऐकण्याची सोय दिली. त्यात शाळेच्या वर्गात मुलांबरोबर मुलीही बसलेल्या दिसतात आणि हे तत्कालीन वास्तवाला धरून नाही, असे निर्माते स्वतःच सांगतात. आपण कुठे बदल केला हे उघड करणे, ही सवय मला अचूक विटांपेक्षा महत्त्वाची वाटते.

आता आपला पहिला प्रश्न. विटा, पोशाख, जहाजांची दोरखंडे यांतील चुका शोधण्यात आपण फार रमतो. गेमचे खरे म्हणणे त्याच्या नियमांत असते. साम्राज्य उभारण्याच्या गेममध्ये नकाशा आधी काळोखा असतो, आपण ‘शोध’ लावतो, जमीन मिळवतो, शेजाऱ्याला मागे टाकतो आणि अखेर कोणीतरी एकच जिंकतो. एकही तारीख चुकीची नसली, तरी समाज म्हणजे विस्तार पावणारी सत्ता, हे विधान प्रत्येक चालीबरोबर केले जात असते. २०१८ साली ‘सिव्हिलायझेशन’ या मालिकेतील एका गेमच्या विस्तारात कॅनडातील क्री या मूळ रहिवाशांचा प्रमुख पाउंडमेकर याला एक सत्ताधीश म्हणून घातले गेले, तेव्हा त्याचेच नाव धारण करणाऱ्या पाउंडमेकर क्री नेशन या त्यांच्या समुदायातून जाहीर आक्षेप आला. जिंकण्याची आणि इतरांची भूमी व्यापण्याची आकांक्षा ही वसाहत करणाऱ्यांची होती. ती आमच्या पूर्वजाच्या माथी का मारता, असा त्याचा आशय होता. पाउंडमेकरचे चरित्र पाहिले की हे पटते. १८८५ साली लढाईत माघार घेणाऱ्या सैनिकांचा पाठलाग करण्यापासून त्याने आपल्या योद्ध्यांना रोखले होते, तरी त्याच्यावर राजद्रोहाचा ठपका बसला, आणि कॅनडाच्या पंतप्रधानांनी तो अधिकृतपणे पुसला तो २०१९ साली. गेममध्ये त्याचे चित्र आदराने काढलेले होते, संवाद त्याच्या भाषेत होते. आक्षेप होता तो नियमांच्या चौकटीवर.

याच्या उलट उदाहरणही आहे. अलास्कातील मूळ रहिवाशांच्या एका परिषदेने २०१४ साली ‘नेव्हर अलोन’ हा गेम काढला. इन्युपियाक लोकांची एक पारंपरिक कथा त्यांच्याच वडीलधाऱ्यांबरोबर बसून गेममध्ये आणली गेली आणि खेळताना त्याच समाजातील माणसांच्या छोट्या चित्रफिती एकेक करून उघडत जातात. त्यात मुलगी आणि तिचा कोल्हा या दोघांनी मिळून पुढे जायचे असते. एकट्याने भागत नाही. नियम बदलला की गोष्ट कोणाची हे कसे बदलते, हे यातून कळते.

तेव्हा गेममधून इतिहास शिकता येतो, पण गेम संपल्यावर एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो : इथे कशाला गुण मिळाले आणि कशाला मिळाले नाहीत? हा प्रश्न पाठ्यपुस्तकालाही विचारून पाहा.

प्रश्न : माझा मुलगा स्मारकांच्या आवारातही मोबाइलवर खेळत राहतो. त्याला अडवावे की काळ बदलला म्हणून सोडून द्यावे?

उत्तर : जागा पाहून ठरवावे. जुलै २०१६ मध्ये मोबाइल घेऊन प्रत्यक्ष जागोजागी हिंडत खेळायचा ‘पोकेमॉन गो’ आला, तेव्हा वॉशिंग्टनमधील होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयाला आणि ऑशविट्झ या नाझी छळछावणीच्या स्मारकाला लोकांना सांगावे लागले की कृपया येथे खेळू नका. ज्या जागी माणसे मृतांच्या आठवणीसाठी येतात, तिथे खेळ थांबला पाहिजे. मुलाला हे कारणासहित सांगितले तर ते समजते. इतरत्र मात्र खेळ आणि संग्रहालय यांचे वैर मानू नये. २०२० च्या टाळेबंदीत गेटी आणि मेट्रोपॉलिटन या संग्रहालयांनी आपली चित्रे ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ या गेममधील घरांच्या भिंतींवर लावता येतील अशी सोय केली आणि दारे बंद असताना ती मुलांच्या खोल्यांत पोहोचली. गर्दी खेचण्याच्या ओढीने केलेले प्रयोग अंगावर येतात हेही खरे. २०२३ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाला पोकेमॉनचे एक खास कार्ड वाटणे सुरक्षिततेच्या कारणास्तव बंद करावे लागले.

प्रश्न : माझ्या दिवंगत वडिलांनी विज्ञानकथांची मासिके, कॉमिक्स, चाहत्यांनी स्वतः छापून एकमेकांना पाठवलेली छोटी नियतकालिके आणि रेडिओ-दूरचित्रवाणीवरून टिपलेल्या ध्वनिफिती यांनी दोन कपाटे भरून ठेवली आहेत. घरचे म्हणतात, रद्दीत द्या. मला ते जड जाते आहे.

उत्तर : जड जाते आहे ते योग्यच आहे, कृपया घाई करू नका. बीबीसीने १९६० आणि ७०च्या दशकांत जुन्या फिती पुसून पुन्हा वापरल्या आणि ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेचे नव्वदहून अधिक भाग त्यामुळे चित्ररूपात हरवले. त्या प्रत्येक हरवलेल्या भागाचा आवाज आज ऐकता येतो, कारण घरोघरच्या प्रेक्षकांनी त्या वेळी तो टेपवर मुद्रित करून ठेवला होता. त्यांतील कित्येक अगदी तरुण होते. संस्थेने पुसले ते चाहत्यांनी राखले, आणि आपले वडील त्याच जातीचे होते. चाहत्यांच्या नियतकालिकांचेही तसेच आहे. आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाने एका संग्राहकाकडून आलेली अशी हजारो नियतकालिके जतन केली असून त्यांच्या डिजिटल प्रती काढण्याचे काम केले आहे. सामान्य वाचक आपसात काय बोलत होते, कशावर भांडत होते, मुलींना त्या वर्तुळात किती जागा होती, हे अधिकृत इतिहासात सापडत नाही. त्या पुसट छपाईत सापडते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत युद्धकार्यासाठी कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि त्यांत असंख्य कॉमिक्स गेली. त्या काळातील अंक आज दुर्मीळ असण्याचे ते एक मोठे कारण आहे.

आता प्रत्यक्ष कामाचे. काहीही हलवण्याआधी कपाटांचे फोटो काढा, कारण वडिलांनी कशाशेजारी काय ठेवले होते, तीही माहिती आहे. लॅमिनेशन मुळीच करू नका. ते नंतर काढता येत नाही. रबरबँड आणि गंजलेल्या टाचण्या सांभाळून काढा, फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका आणि पीव्हीसीचे स्वस्त पारदर्शक कव्हर टाळा, कारण त्यातून कागदाला अपाय करणारे घटक सुटतात. आम्लरहित कागदाची खोकी मिळाली तर उत्तम. माळा आणि तळघर या दोन्ही जागा वाईट. माणसाला सुसह्य वाटेल अशी कोरडी, उन्हापासून दूर असलेली खोली चांगली. ध्वनिफिती उभ्या ठेवा आणि त्यांच्या प्रती लवकरात लवकर काढून घ्या, कारण कागद आणखी काही दशके थांबेल, फिती थांबणार नाहीत.

संस्थेकडे देण्याचा विचार असेल, तर आधी यादी पाठवा आणि तिचे संग्रहधोरण विचारा. सगळे काही कोणीच घेत नाही. दुकानात विपुल मिळणारे अंक बहुधा परत येतील आणि हाताने छापलेली नियतकालिके ठेवून घेतली जातील. त्यात आलेली खासगी पत्रे वेगळी काढा, कारण पत्र आपल्या घरात असले, तरी त्यातला मजकूर लिहिणाऱ्याचा आहे आणि ती व्यक्ती हयात असेल तर तिला विचारायला हवे.

आणि एक काम आपल्याशिवाय कोणीच करू शकणार नाही. हे अंक त्यांनी कुठून मिळवले, कोणाबरोबर वाटून वाचले, कोणता कार्यक्रम टिपायला ते रात्री जागे राहत, हे आपल्याला, आपल्या आईला, त्यांच्या मित्रांना जेवढे आठवते, तेवढे तारखेसह लिहून काढा आणि प्रत्येक खोक्यात त्याची एक प्रत ठेवा. शाईने नको, पेन्सिलीने लिहा. ओल लागली तरी ती पसरत नाही.